पापडावरचा प्रबंध

तपोवनच्या बाजूच्या त्या गल्लीत आशाबाईंचं घर विचारलं, तर लोक आजही उलट विचारतात, "डॉक्टर पोरींचं का?" घरात गुडघ्याच्या तेलाची बाटली सोडली तर डॉक्टरकीचं काहीच नाही. पण वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत राहून इतक्या मुलींनी पीएचडी केली, की गल्लीला हे घर त्यांच्याच नावानं ठाऊक झालं.

आशाबाईंचे यजमान महादेवराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. वरचा मजला त्यांनी मुलासाठी बांधला. मुलगा नितेश नोकरीसाठी नाशिकला गेला आणि तिथलाच झाला. विद्यापीठ जवळ, तेव्हा आशाबाईंनी खोल्या संशोधन करणाऱ्या मुलींना दिल्या. मुली चांगल्या होत्या, पण एका मजल्यावर चार विषय आणि चार बंद दारं. एकीला दुसरीचं नाव माहीत, गाव माहीत, काम काय करते ते माहीत नाही. बोलणं व्हायचं ते नळावर, आणि तेही भांडणाचं. चार मुली डोक्यावर राहतात आणि घर मुकं, हे आशाबाईंना खपेना. त्यांना स्वतःला मुलगी नव्हती. भुलाबाई म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळी पोरींनी गाणी म्हणायची; लग्न होऊन दर्यापूरहून आल्यापासून या घरात ती कधी मांडली गेली नव्हती. त्या वर्षी भादव्याच्या पुनवेला त्यांनी कोनाड्यात मातीची भुलाबाई ठेवली आणि जिन्यातून वर हाक मारली.

भुलाबाईची गाणी झाली की खिरापत. ती बंद डब्यात असते, आणि डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं. गोड का तिखट, ओलं का कोरडं, असं विचारत विचारत जायचं. आशाबाईंनी त्याला आपलं एक कलम जोडलं. जिची खिरापत तिनं आपला अभ्यासही सांगायचा. तोही आशाबाईंना समजेल असा. इंग्रजी शब्द आला की खिरापतीतला वाटा कमी.

दीक्षा रसायनशास्त्राची, मूर्तिजापूरकडची. तिनं पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून सांगून टाकलं, की काकू, आम्ही बौद्ध आहोत, मी हात जोडणार नाही, गाणी म्हणणार नाही.

"नको जोडू," आशाबाई म्हणाल्या. "डबा तं वाजवशील?"

डबा वाजवायला ती सगळ्यांच्या पुढे असायची. आपल्या पाळीला तिनं फुटाणे आणले, आणि पांढऱ्या ओढणीला हळदीचं बोट पुसून त्यावर साबण फिरवला. डाग लाल झाला. रंग पाण्यात गेला की कसा वागतो, हे ती त्या डागावरून सांगत बसली. चांदूर रेल्वेची शालू मराठीची. बायका नळावर भांडताना कोणते शब्द वापरतात यावर तिचा अभ्यास होता. तिला माल पुरवण्यात आशाबाईंनी काही कमी केलं नाही. आणि भूशास्त्राची भावना. ती एकदा आपल्या पाळीला दिवसभर बाहेर फिरून रिकाम्या हातानं आली. आशाबाईंनी उन्हाळ्यातल्या ज्वारीच्या पापडांचा तळाचा चुरा भाजून डब्यात भरून दिला. कोणी शंकरपाळे म्हणालं, कोणी चिवडा. पापड कोणालाच ओळखता आला नाही. मग भावनानं भाजायचा राहिलेला एक तडकलेला पापड परातीत ठेवला, आशाबाईंच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मागितला आणि तो भेगेवरून वळवत वळवत नेला. नंतर दोरा सरळ करून पट्टीला लावला. एवढीशी दिसणारी भेग वीतभर निघाली. वाळताना वरचा थर आधी आकसतो, खालचा मागं राहतो, त्या ओढाताणीत भेग पडते, असं ती म्हणाली. आशाबाईंनी जन्मभर पापड वाळवले होते. पण तडकलेला पापड म्हणजे ज्वारी खराब नाहीतर सुनेचा हात खराब, यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

मुली डॉक्टर होऊन गेल्या. नव्या आल्या, त्याही गेल्या. महादेवराव गेले. आता मुलींना लिफ्टचे फ्लॅट आवडतात, आणि वरच्या चारांपैकी तीन खोल्यांत आशाबाईंनी जुन्या गाद्या ठेवल्या आहेत. चौथीत प्रणाली राहते. दर्यापूरची, म्हणजे आशाबाईंच्या माहेरची. विषय गृहविज्ञान, आणि त्यातही ज्वारीचे पापड. बचतगटांच्या बायका पापड करतात आणि वाळताना निम्मे तडकतात. कोणत्या ज्वारीचे जास्त तडकतात, हे तिला शोधायचं होतं. "पापडावर पीएचडी?" म्हणून नातेवाईक हसले होते. आशाबाई हसल्या नाहीत. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते प्रणालीला कळायला तीन वर्षं जावी लागली.

या वर्षी आश्विन लागला आणि प्रणालीनं वरून येऊन एक रिकामं पोतं मागितलं.

"पोतं कायले?"

"पुस्तकं भराले."

मग हळूहळू निघालं ते असं. मार्गदर्शक बाईंनी तिचं प्रकरण परत केलं होतं. भेगा जास्त, भेगा कमी, हे काय लिहिणं झालं? मोजल्या कशा? तिनं महिनाभर शोधलं होतं. आता देशभरातले प्रबंध मोबाइलवर दिसतात. पापड टाकलं की पापडाचा धंदा निघे, पापडातलं मीठ निघे, पापड लाटणाऱ्या बायकांचे प्रश्न निघत. पापडाची भेग कुठे निघत नव्हती. इकडे वडील भगवंतराव फोनवर म्हणत होते, की दिवाळीला सामान घेऊनच ये, एक स्थळ आहे, लोकांना किती दिवस थांबवायचं. आईनं पापड घरीच करून खायला घाल म्हटलं होतं.

आशाबाईंनी पोतं दिलं नाही. या घरातून प्रबंध अर्धा टाकून एकही पोरगी गेली नव्हती, आणि तशी पहिली जाणारी ही शेवटची पोरगी असावी, तीही माहेरची, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आमच्या भावनानं पापडाच्या भेगांवरच तं पीएचडी केली. याच घरात. मी पाह्यलं हाय."

प्रणालीनं तिथेच मोबाइलवर भावनाचं नाव टाकलं, पण लग्नानंतरचं आडनाव टाकलं आणि काहीच आलं नाही. आशाबाई म्हणाल्या, फोनमध्ये नसेल, अकोल्यात आहे. भावना अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकवत होती आणि दर संक्रांतीला न चुकता फोन करायची. आशाबाईंनी तिला फोन लावून परवा येतो एवढंच सांगितलं. काम असलं की फोनवर सांगू नये, माणूस आधीच नाही म्हणायची तयारी करतं, असा त्यांचा अनुभव होता.

दोघी अकोल्याच्या एसटीत बसल्या. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. रस्त्याच्या दोन्हीकडे सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. एसटीत आशाबाई बोलतच होत्या. परात, दोरा, पट्टी, दीक्षाची ओढणी. प्रणाली ऐकत होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं डबा उघडून धड खाल्लं, हे आशाबाईंनी तिरक्या नजरेनं पाहून घेतलं.

भावना दारातच वाकून पाया पडली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, हसणं तेच. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मग आशाबाईंनी प्रणालीला पुढे केलं.

"ही पापडावर करून राहिली. म्हटलं, तुह्या प्रबंधात सारं असंन. दाखव हिले."

"कुठल्या प्रबंधात?"

"पापडाच्या."

भावनाला आधी ती थट्टा वाटली. "काकू, माझं काम काळ्या मातीवर आहे. वाळताना तिला भेगा कशा पडतात, किती खोल जातात, त्यावर. पापडावर पीएचडी कोण करतं?"

बोलून झाल्यावर तिचं प्रणालीकडे लक्ष गेलं आणि तिनं जीभ चावली. प्रणाली कपात पाहत होती. आशाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर परातीतला पापड होता, लख्ख, आणि तो पापड कधी नव्हताच असं हे होत होतं. मातीचं भावना तेव्हाही बोलली असणार. पण त्यांनी ओळखीचा पापड तेवढा लक्षात ठेवला आणि माती तिथेच सोडली. पोरीला मात्र उगाच एवढ्या लांब आणलं, आणि पोतं काय, ते ती आता दुकानातूनही आणील.

"मंग तो दोरा?" त्यांनी हळूच विचारलं. "लाल दोरा. माह्याच डब्यातला घेतला होता तू."

भावना खुर्चीला टेकली.

"हो की," ती म्हणाली. "आश्विन होता ना तो. माती ओली होती, भेगा उन्हाळ्याशिवाय पडणार नव्हत्या. मोजायच्या कशा ते मला सुचत नव्हतं, म्हणून तुमचे पापड घेतले. तुम्ही तडकलेले सगळे वेगळे काढून दिले होते मला. वरच्या खोलीत दोन आठवडे मी तेच केलं." ती हसायला लागली. "प्रबंधात मग लवचीक तार म्हणून लिहिलं. पापड लिहिला असता तर सरांनी तिथूनच घरी पाठवलं असतं."

ती दोघींना प्रयोगशाळेत घेऊन गेली. टेबलावर रुंद पसरट ट्रे होते, त्यांत काळ्या मातीचा थर ओतून वाळवलेला. सगळ्या ट्रेवर भेगांचं जाळं. प्रणाली वाकून पाहत राहिली.

"मॅडम, हे तं पापडच हाय," ती म्हणाली.

यानंतर आशाबाईंना स्टुलावर बसवून त्या दोघी जे बोलू लागल्या त्यात खिरापतीचा नियम कोणी पाळला नाही. इंग्रजी शब्दांमागून इंग्रजी शब्द. आता दोरा लागत नाही, वरून फोटो काढायचा आणि भेगेचा काळा भाग कॉम्प्युटरवर मोजायचा, एवढं आशाबाईंना कळलं. मग भावनानं दोन ट्रे शेजारी ठेवले. पातळ थराच्या भेगा एकमेकींजवळ होत्या, जाड थराच्या दूर दूर.

"तुझ्या पापडांची जाडी मोजली होतीस?" तिनं विचारलं.

प्रणालीनं मोजली नव्हती. पाच गटांच्या बायकांनी आपापल्या हातानं लाटलेले पापड होते ते. ज्याला ती ज्वारीचा फरक समजत होती, तो लाटणाऱ्या हाताचाही असू शकत होता. म्हणजे सगळे पापड पुन्हा करायचे, एका जाडीचे. तीन वर्षांपैकी निम्मं काम मातीत गेलं, हे भावनानं तिला गोड करून सांगितलं नाही. आपल्या प्रबंधाची प्रत मात्र तिनं प्रणालीच्या फोनवर पाठवली, आणि अडलं की रात्री नऊनंतर फोन कर, तोवर माझा स्वयंपाक चालतो, असं सांगितलं.

परतीच्या एसटीत आशाबाईंनी खिडकीची जागा घेतली. मूर्तिजापूर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "दीक्षाचं तं हळदीवरच होतं ना? पाह्य बरं फोनमधी."

प्रणालीनं पाहिलं. दीक्षाचं काम कापड रंगवायच्या कारखान्यांतून नदीत जाणाऱ्या रंगांवर होतं. हळदीचा त्यात कुठे उल्लेख नव्हता.

आशाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग एकदम हसायला लागल्या, इतक्या की पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. "शालूचं भांडणाचं तरी खरं असंन," त्या म्हणाल्या. "ते मीच सांगितलं होतं."

प्रणाली हसली, पण पोत्याबद्दल काही बोलली नाही, आणि आशाबाईंनी विचारलं नाही. घरी आल्यावर ती थेट वर गेली. संध्याकाळी भगवंतरावांचा फोन आला तेव्हा आशाबाई जिन्याखाली लसूण सोलत होत्या. वरून ऐकू येत होतं ते सगळं तिच्याच बाजूचं. बराच वेळ हो बाबा, नाही बाबा. मग एकदा ठाम आवाजात, "बाबा, दिवाळीले मी येईन. सामान इथंच राहीन. पापड पुन्हा करा लागते." त्यानंतर पलीकडचं बोलणं लांबलं असावं. पण वरून पुस्तकं फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आश्विनाच्या उन्हात आशाबाईंच्या गच्चीवर ज्वारीचे पापड पडले. शेजारच्या भागीरथाबाईंनी आपल्या गच्चीवरून विचारलं, की भर आश्विनात पापड करायची काय आली पाळी. आशाबाईंनी परीक्षा आहे म्हणून सांगितलं. प्रणाली उकडीच्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटणं फिरवत होती, आणि आशाबाईंना लाटायची बंदी होती, कारण त्यांचा हात उजवीकडे भारी पडतो.

दिवे लागल्यावर आशाबाईंनी कोनाड्यातल्या भुलाबाईला हळदीकुंकू वाहिलं आणि पितळेचा डबा पुसून प्रणालीच्या पुढ्यात ठेवला.

"खिरापत राहू दे," त्या म्हणाल्या. "तू कायवर करून राहिली ते सांग. पण नीट सांग. पापड कसा तडकतो ते मले दाखवू नको. मी तेवढंच लक्षात ठेवीन आन् पुढच्या पोरीले चुकीचं सांगीन."

प्रणाली सांगायला बसली. एक वाक्य झालं, दुसरं अडलं. पापडाचं काम पापड न घेता सांगायचं म्हणजे तिची पंचाईतच झाली. तिनं दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडली. मग म्हणाली, "काकू, दर्यापूरले तुमच्या वावराले उन्हाळ्यात भेगा पडत होत्या ना?"

"पडत होत्या म्हणजे?" आशाबाई सरसावून बसल्या. "माह्या पायातली तोरडी गेली हाय त्याच्यात. हात घातला तं खांद्यापर्यंत गेला, तोरडी काही लागली नाही. मायनं संध्याकाळपर्यंत मले घरात घेतलं नाही."

"किती खोल असंन?"

आशाबाईंनी उजवा हात सरळ केला आणि डाव्या हातानं खांद्याजवळ खूण करून दाखवली. प्रणालीनं जवळची पट्टी उचलली आणि त्यांच्या बोटांपासून मोजायला सुरुवात केली.