आरसेवालीचा खांब

सुट्टी हा शब्द ज्या घरात कधी उच्चारला गेला नाही, त्या घरात एक सहल ठरली, आणि ती वर्षभर ठरत राहिली.

अण्णाराव आणि सुकन्याबाई यांची खानावळ लातुरात, शिकवणी वर्गांच्या मागच्या गल्लीत. डॉक्टर, इंजिनिअर होण्यासाठी गावोगावची लेकरे या शहरात येतात, आणि सुकन्याबाईंच्या हातची भाकरी खाऊन अभ्यासाला बसतात. अण्णाराव आधी डाळमिलमध्ये मुकादम होते, गुडघे थकले तसे बायकोच्या हाताखाली आले. "आता मुकादम ही, अन् हमाल मी," असे स्वतःच सांगत आणि पिठाचा डबा उचलीत.

त्यांचे गाव औशाच्या पलीकडले. गावात महादेवाचे काळ्या दगडाचे जुने मंदिर होते. त्याच्या मंडपातल्या एका खांबावर हातात आरसा धरलेली बाई कोरली होती. गाव तिला आरसेवाली म्हणे. अण्णारावांची लेक शिवगंगा शाळेतून येताना त्या खांबाला पाठ लावून ताठ उभी राही आणि आईला हाक मारी, "आई, बघ की, कुठवर आले?"

"कमरंपत्तूर आलीस," सुकन्याबाई म्हणत. "आरशापत्तूर आलीस की तुझं लगीन लावते."

"मग मी वाढतच न्हाई, जा!"

लेकराचे बोलणे ते. देवाने ऐकायचे, तर दुसरे काय थोडे होते ऐकायला?

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव निजले आणि उजाडण्याआधी धरणी हलली. हे दोघे उकाड्यामुळे अंगणात होते. शिवगंगा आजीच्या कुशीत, माळवदाखाली. दगड, माती, सागाची तुळई, सारे एका श्वासात खाली आले. आजी गेली, नात गेली. मंदिराचा मंडप बसला, आरसेवालीचे तुकडे झाले. लेकीचा एक फोटो होता भिंतीवर; भिंतच राहिली नाही, तिथे फोटो कुठला?

सरकारने नव्या जागी सिमेंटचे घर दिले. तिथे मन रमेना म्हणून दोघे लातुरात आले. तेव्हापासून सुकन्याबाई दगडी छताखाली गेल्या नाहीत. देवळात गेल्या तरी पायरीवरून हात जोडीत. दरवर्षी गेलेल्यांना श्रद्धांजली वाहण्याचा सरकारी कार्यक्रम तीस सप्टेंबरला होई. या घरातला दिवा मात्र अनंत चतुर्दशीला लागे. शेजारचे कोणी म्हणालेच, "अण्णा, तारीख तर होऊन गेली की," तर उत्तर ठरलेले असे. "तारीख सरकारची. आमचं लेकरू तिथीला गेलं."

मग ती कार्तिकी एकादशी आली. खानावळीत साबुदाण्याची खिचडी, आणि जेवता जेवता उर्वी पेपर वाचीत होती. ही मुलगी इस्लापूरची, सुकन्याबाईंची लाडकी.

"मावशी, हे बघा किती सुंदर!"

पेपरात एका खांबाचा फोटो होता. देगलूरकडच्या एका गावातले जुने शिवमंदिर. मंडप दुरुस्तीमुळे एरवी बंद, पण वारसास्थळे लोकांनी पाहावीत म्हणून दरवर्षी याच दिवसांत तो उघडतात, असे खाली छापले होते. सुकन्याबाईंनी पेपर डोळ्याशी नेला. हातात आरसा. तीच मान, तोच कमरपट्टा.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "आपली आरसेवाली हाय ही."

ती त्यांच्या गावची नव्हती. पण ज्या आईकडे लेकीचा फोटो नाही, तिच्यासाठी तो खांबच फोटो होता. त्या कमरपट्ट्याला हात लावला की माझी शिवगंगा केवढी होती ते मला पुन्हा दिसेल, एवढीच तिची आस. आणि आस धरायला वेळ थोडा होता. साखरेच्या आजाराने एक डोळा विझत आला होता, त्याच आठवड्यात त्याचे ऑपरेशन ठरलेले. ते झाले, पण दृष्टी आली नाही. डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्याचाही भरवसा देत नाही. जे पाहायचं ते पाहून घ्या."

तोवर मंडपाचे दार पुन्हा बंद झाले होते, म्हणून पुढल्या वर्षाची आखणी सुरू झाली. अण्णाराव बसस्थानकावर जाऊन कंडक्टरांना विचारीत; कोणती गाडी अहमदपूरवरून जाते, कोणती कंधारला थांबते. शनिवारी कंधारचा किल्ला, रात्री नांदेडच्या धर्मशाळेत मुक्काम, सकाळी गोदावरीचे दर्शन, मग देगलूर आणि आरसेवाली. किल्ला कशासाठी, असे सुकन्याबाईंनी विचारले तेव्हा ते लाजून म्हणाले, "तुला कुठं हिंडवलंय मी कधी?"

उर्वीने ते ऐकले. "काका, हनिमूनला चाललात होय? आन् आमच्या जेवणाचं काय?"

"तू करून घाल की दोन दिवस!"

"मग पोरं पळून जातील सगळी, अन् तुम्ही आल्यावर खानावळच नसंल!"

दिवस कोणता, हे मात्र अण्णारावांनी कुणालाच विचारले नाही. विचारायचे काय त्यात? गेल्या साली एकादशीला दार उघडले होते, सर्वांनी खिचडी खाल्लेली ध्यानात होती. देवाचे दार तिथीलाच उघडणार. त्यांनी पंचांग पाहिले. या वर्षी कार्तिकी एकादशी नेमकी रविवारी. "देवानंच जुळवून आणलंय," ते म्हणाले, आणि हात जोडले.

दोघे निघाले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली, आणि सुकन्याबाईंचे ठेवणीतले हिरवे लुगडे. कंधारच्या किल्ल्यात अण्णाराव लहान मुलासारखे फिरले. सुकन्याबाई कमानीबाहेरच बसल्या.

"चल की आत. येवढे दिवस उभाय, आजच पडतोय व्हय?"

"तुम्ही या बघून. माझा धीर उद्यासाठी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्या मंदिरापाशी पोचले. लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप होते. विरूपाक्ष नावाचा राखणदार लिंबाखाली बसलेला.

"आज उघडं असतंय न्हवं?" अण्णारावांनी विचारले.

"आज? न्हाई बाबा. अजून दहाएक दिवस हायत."

"पण एकादशी हाय आज!"

"एकादशीचा काय संबंध? तारखेवर असतंय ते. एकोणीस नोव्हेंबरपासून."

अण्णारावांनी कुलूप हातात धरून पाहिले. ज्या तिथीला त्यांनी उभा जन्म उराशी धरले, तिनेच त्यांना बंद दारापाशी आणून सोडले होते.

सुकन्याबाई जाळीला चिकटून उभ्या राहिल्या. आत काळोख, आणि डोळ्यापुढे धुके. "दादा, घडीभर उघडा की. एक खांब बघायचाय."

"अम्मा, माझ्या हातात असतं तर तुम्ही म्हणायच्या आधी उघडलं असतं. चावी नांदेडला, साहेबांकडं." त्याने तांब्या भरून पाणी आणून दिले. त्यांनी जाळीतून हात घातला, खांद्यापर्यंत घातला. खांब तरी दूरच राहिला.

परतीच्या बसमध्ये अण्णाराव एवढेच म्हणाले, "मी चुकलो गं."

"दहाच दिवसांचं तर हाय. खानावळीतल्या पोरींची परीक्षा शुक्रवारी हाय, ती झाली की येऊ," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात, संध्याकाळच्या भाकरी थापताना त्यांचे हात परातीत थांबले. "उर्वी, लाईट गेली का गं?"

उर्वीने वर पाहिले. दिवा लख्ख जळत होता. "मावशी..." ती म्हणाली, आणि तिने परात बाजूला सारून त्यांचे पिठाचे हात धरले.

उरल्या डोळ्यातही रक्त उतरले होते. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, भरवसा दिला नाही. अण्णाराव घरात कोपरा धरून बसले. जायचे नाव काढीनात. शेवटी सुकन्याबाईंनीच पिशवी भरली, चाचपून चाचपून. "चला. दार उघडलं असंल आता."

उघडले होते. दारात रांगोळी, शाळेची मुले, फुलांच्या माळा. विरूपाक्षाने दोघांना ओळखले. हसून पुढे आला, आणि सुकन्याबाईंची नजर पाहून त्याचे हसणे विरले. त्याने मुलांना बाजूला केले. नवऱ्याच्या हाताला धरून ती माउली दगडी छताखाली शिरली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. पाय अडखळला नाही. ज्याचे भय होते ते आता दिसतच नव्हते.

अण्णारावांनी तिचा हात खांबावर ठेवला. तिची बोटे आरसेवालीच्या पावलांवरून निघाली. पैंजण, पोटऱ्या, गुडघे. मग कमरपट्टा. तिथे हात थांबला आणि हळूच आडवा झाला, लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

खानावळीत रोज तिच्या भोवती सोळा-सतरा वर्षांच्या मुली असत. त्यांना वाढताना ती मनातल्या मनात शिवगंगेलाही वाढवीत आली होती. आता दहावीत असती, आता हिच्याएवढी असती.

"येवढीच हाय हो," ती म्हणाली. "वाढली न्हाई."

अण्णारावांनी कपाळ खांबाला टेकले. दुपार कलली तरी तो हात तिथेच होता. शेवटी विरूपाक्ष जवळ आला, अपराध्यासारखा.

"अम्मा, दार लावायची वेळ झाली. पुढल्या वर्षी या. तारीख ध्यानात ठिवा."

सुकन्याबाई वळल्या. एक हात नवऱ्याच्या हातात. दुसरा त्यांनी खांबावरून काढला, पण खाली घेतला नाही. तेवढ्याच उंचीवर, पोकळीत तसाच धरून त्या चालू लागल्या. मंडप ओलांडला, पायऱ्या उतरल्या. जाळीच्या दारापाशी तो हात खाली आला. मागे कुलूप लागले.