शेजारची सीट

खंडेनवमीच्या पूजेसाठी आज माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं दार उघडलं आणि तंबाखूचा वास आला. मी घेण्याआधी ती निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कैक वर्षं पडून होती. सीटा बदलल्या तरी वास गेला नाही.

तीन वर्षं खपून मी ती चालू केली, तेही अशाच एका खंडेनवमीला. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं. सीटा दोनच, म्हणून आधी वडिलांना, आप्पांना घेऊन काकती गावापर्यंत जाऊन आलो. आई ताट धरून दारातच उभी होती.

"आता मी बसू काय रं?"

"इंजिन तापलंय गं. उद्या."

दुसऱ्या दिवशी मित्र आले, मग पाहुणे. आईनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आई गेली. यंदा लिंबू मीच ठेवलं आणि काकतीपर्यंत जाऊन आलो. शेजारी कुणालाच बसवलं नाही.