भिंतीवरचा च्यांग

साताऱ्यात गोडोलीला राहणाऱ्या मानसिंग साबळ्यांच्या घरात, वडलांच्या फोटोशेजारी एका चिन्याचा फोटो होता. टक्कल, बारीक मिशी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लष्करी कोट. च्यांग कै-शेक.

वडील ज्योतिबा महायुद्धात ब्रह्मदेशात खेचरं हाकायला होते. मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला, तुकडी पुढं निघून गेली आणि इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्या च्यांगच्या चिनी फौजेतल्या दोघा शिपायांनी त्यांना पाठंगुळीला घेऊन जंगलातून इस्पितळापर्यंत आणलं. निघताना एकानं खिशातला आपल्या सरसेनापतीचा फोटो दिला. ज्योतिबांनी गावी येऊन तो मोठा करून घेतला, काच घातली आणि रोज उदबत्ती लावायला सुरुवात केली.

बासष्टच्या चीनच्या लढाईत आळी दारात जमली. "चिन्याला पुजतोस व्हय रं?"

"आरं, ह्यो त्यो न्हवं!" ज्योतिबा घसा फोडून सांगत होते. "आता लढत्यात त्यांनीच ह्येला मुलखातनं हाकललाय. ह्यो तैवान बेटावर असतोय!"

ऐकतंय कोण! एक धोंडा आला तो दहा वर्षांच्या मानसिंगच्या भुवईवर. वडलांनी आधी काच बघितली, मग पोराचं रक्त.

ते मानसिंगला कायमचं लागलं. तरी वडील गेल्यावर उदबत्ती त्यानंच चालवली. फौजेत सुभेदार झाला, सोबत्यांची टिंगल सोसली, पण फोटो हलला नाही. पुढं नात राजनंदिनी नोकरीला तैवानलाच गेली, तेव्हा मानसिंगराव भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या उपकारकर्त्याच्या मुलखात गेलीया पोर."

गेल्या दिवाळीत ती शू-फेन नावाच्या मैत्रिणीला घेऊन आली. अनारसा हातात घेतलेली ती मुलगी फोटोसमोर थबकली. अनारसा तिनं बशीत परत ठेवला.

मानसिंगरावांना वाटलं, ओळखलं! त्यांनी हौसेनं सगळी कहाणी सांगितली. राजनंदिनी इंग्रजीत सांगत गेली, तसा तिचाच आवाज बारीक होत गेला. मग शू-फेन हळू काहीतरी बोलली.

"काय म्हणतीया?"

"काही नाही आबा. तिच्या घरी याला मानत नाहीत."

"नीट सांग. मी सुभेदार हाय, कुकुलं बाळ न्हाई."

राजनंदिनीनं मान खाली घालून सांगितलं. शू-फेनचे आजोबा शाळामास्तर होते. च्यांगच्या पोलिसांनी त्यांना वर्गातून उचललं, कम्युनिस्ट म्हणून गोळी घातली. अशी हजारो माणसं मारली. आजीनं पुढं जन्मभर घरात त्यांचं नाव घेऊ दिलं नाही, पोरं धरून नेतील म्हणून. आता तिकडं कुणी च्यांगचे पुतळे काढा म्हणतं, तर त्यानंच आम्हाला माओपासून वाचवलं म्हणून कुणी फुलं वाहतं.

मानसिंगराव तापले. "माझा बाप जगला तो ह्येच्या माणसांमुळं! त्यो मेला असता तर मी असतो का? ही असती का?"

शू-फेननं राजनंदिनीकडून ते समजून घेतलं आणि थोडंच बोलली. राजनंदिनीनं या वेळी ते जसंच्या तसं सांगितलं. "ती म्हणते, तुमच्या वडलांना त्या दोन शिपायांनी वाहून आणलं. त्यांची नावं काय?"

नावं ज्योतिबांनी कधी सांगितलीच नव्हती. मानसिंगनंही कधी विचारली नव्हती.

भाऊबीजेपर्यंत राहणार होत्या, त्या पोरी दुसऱ्या दिवशीच पुण्याला निघून गेल्या. मानसिंगरावांनी फोटो उतरवला, पाठीमागची जाळी झटकली आणि माळ्यावर टाकला. दुपारी शेजारचा नाथाजी डोकावला आणि हसला. "बरं झालं सुभेदार, त्यो चिनी एकदाचा घालवला." त्याला काय आणि कसं सांगावं! फोटो काढा म्हणणाऱ्यांपुढं जन्मभर वाकले नाहीत, आणि आता त्यांचीच शाबासकी मिळत होती.

महिनाभरानं राजनंदिनीचा फोन आला. त्यांनी लगेच सांगितलं, "त्या पोरीला सांग, काढला म्हणावं फोटो."

"काढा असं ती कुठं म्हणाली होती, आबा?" राजनंदिनी म्हणाली. "तिच्या आजोबांचं ऐकून तुम्ही त्यांच्याबद्दल एक शब्दसुद्धा बोलला नाहीत. वाईट झालं, एवढंही नाही. परत जाताना गाडीत ती त्यावरच रडत होती."

"मग आता दे की तिला फोन. बोलतो मी."

"आता ती माझ्याशी पण फारशी बोलत नाही," राजनंदिनी म्हणाली.