बसमधल्या बाईंचा खांदा

लेकीला शाळेत सोडायला जाताना ग्लासगोच्या बसमध्ये रोज सकाळी आमच्या समोर एक म्हाताऱ्या बाई विणत बसायच्या. त्यांचा उजवा खांदा मधूनच असा उडायचा, की बसचं छप्पर फोडून स्कॉटलंडच्या ढगांना भोक पाडील! पण विणकामाचा एक टाका चुकेल तर शपथ. हे जमतं कसं, याचं मला भारी कुतूहल.

त्या वर्षी माझी सात वर्षांची सई सारखी मान झटकू लागली होती. पुण्याहून आलेल्या आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, तर धुराचा अलार्म असा कोकलला, की लंडनहूनसुद्धा बंब निघाले असावेत. डॉक्टर म्हणाले, "हे टिक्स आहेत, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली. ती मुद्दाम करत नाही, टोकू नका." तरी आई टोकायचीच. शेवटी सईने शाळेच्या नाटकातून नाव काढून घेतलं.

एकदा तिने बाईंनाच विचारलं, "तुम्हाला हे थांबवता येत नाही?"

"थोडा वेळ येतं. मग दाबलेल्या शिंकेसारखं दुप्पट जोरात येतं. म्हणून येऊ देते. लोक बघतात, बघून बघून कंटाळतात."

तेवढ्यात सईची मान झटकली. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. "मोज्याला निळा रंग घेऊ की लाल?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी आई पुन्हा मिरच्या घेऊन उभी!

"आजी, त्या भाजीत घाल," सई म्हणाली. "मी नाटकात परत जाणार आहे. माझी मान हलेल. तू बघून बघून कंटाळशील."

आईने मिरच्या फोडणीत टाकल्या. अलार्म तेव्हाही कोकलला. सईची मानही झटकली, पण आम्ही सगळे अलार्मकडेच बघत होतो.