राहिलेला डोंगर

आईचा एकच डोंगर राहिला होता, आणि तो माझ्यासाठी राहिला होता.

स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांहून उंच असे पावणेतीनशेच्या वर डोंगर आहेत. ते सगळे चढून पुरे करायचे, हा तिथला छंद आहे. काहींचं अख्खं आयुष्य त्यात जातं. शेवटच्या डोंगरावर आपली माणसं बरोबर न्यायची पद्धत आहे. माथ्याजवळ ती माणसं हातातल्या काठ्या उंच धरून कमान करतात आणि तिच्याखालून तुम्ही वर जाता. आईला कमान नको होती. तिला फक्त मी हवी होते.

आई लग्न होऊन ठाण्याहून ग्लासगोला आली. ती फार्मसिस्ट आहे. पहिल्या हिवाळ्यात ती सारखी खिडकीत दिसते म्हणून शेजारच्या आंटींनी तिला आपले जुने बूट दिले आणि एका रविवारी डोंगरावर नेलं. बूट मोठे होते, आत दोन-दोन मोजे घालावे लागले. त्यानंतर ती थांबलीच नाही. बाबा म्हणायचे, माझी बायको रविवारी मला फोटोतच दिसते. मी शाळेत जायला लागल्यावर ती मलाही नेऊ लागली. चालताना आम्ही फार बोलायचो नाही. ती खिंडीला खिंड म्हणायची आणि डोंगराच्या धारेला धार, त्यामुळे हे शब्द मला मराठीत आधी आले, इंग्रजीत नंतर.

मी नटी झाले याचं आमच्या ओळखीच्या सगळ्यांना आश्चर्य वाटतं. मी अजूनही चार माणसांत गप्प असते. दुसऱ्याने लिहिलेले शब्द असले की मला बोलता येतं. लंडनच्या ड्रामा स्कूलमध्ये माझा ग्लासगोचा अ‍ॅक्सेंट हळूहळू घासून गुळगुळीत झाला आणि मीही तो होऊ दिला. म्हणून यंदाची भूमिका मला मोलाची आहे. मी एका स्कॉटिश बेटावरची बाई करते आणि घरी बोलते तशीच बोलते. मुलाखत घ्यायला आलेले लोक मुळांबद्दल विचारतात. मी ग्लासगो सांगते. ते मान हलवतात आणि दुसऱ्या उत्तराची वाट बघतात. ठाणे मी लपवत नाही, पण त्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. ग्लासगोत आमचं कोणी नव्हतं. तिथली आमची मुळं आईने लावली, रविवारी रविवारी चालून.

नाटक बघायला आई लंडनला आली होती. एका प्रवेशात मी डोंगर ओलांडून घरी येते. प्रयोगानंतर ती सगळ्यांशी छान बोलली आणि स्टेशनवर पोचल्यावर मला म्हणाली, "तू छाती धरून धापा टाकतेस ना, ते खोटं आहे. उतरून आलेला माणूस आधी बसायला जागा बघतो, मग बुटाची नाडी सोडतो."

दुसऱ्या दिवशी मी तसं केलं. दिग्दर्शकाने विचारलं, हे कुठून आणलंस? आईने सांगितलं, असं म्हणताना मला किती बरं वाटलं ते मी त्याला दाखवलं नाही.

पण तिच्या डोंगरासाठी मला वेळ होत नव्हता. आधी दौरा, मग शूटिंग, मग हे नाटक. ती दोन उन्हाळे थांबली. तिचा उजवा गुडघा आता उतरताना दुखतो. अजून एखादं वर्ष चालेल, असं ती अगदी सहज सांगायची. मला ते सहज वाटत नसे.

रविवार-सोमवार थिएटर बंद असतं. एप्रिलमध्ये एका रविवारी मी ग्लासगोला गेले आणि सोमवारी आम्ही दोघी निघालो. खिंडीपर्यंत ठीक होतं. पुढे धारेवर वारा असा आला की मी दोन्ही हात जमिनीवर टेकले. माथा समोर दिसत होता. मी म्हटलं, थोडं थांबून बघू या. आईने माथ्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वळली. तिच्या सॅकमध्ये पेढ्यांचा डबा होता. गाडीत मी एक मागितला तर म्हणाली, "कशाबद्दल?"

इतकी वर्षं घालवून समोरचा माथा सोडून देणं मला जमलं नसतं. तसं मी तिला सांगितलं नाही. मी वेगळंच बोलले.

"आई, पुढच्या वेळी माझी वाट बघू नकोस."

"मग कुणाबरोबर जाऊ?"

"आंटींबरोबर. हवा चांगली असेल त्या दिवशी."

"तू नसलीस तर मला पुरं झाल्यासारखं वाटणार नाही."

"मला वाटेल," मी म्हटलं.

ती आतून काच पुसत राहिली. पुढचे काही दिवस माझ्या मेसेजला नुसता अंगठा यायचा. मी जास्त बोलले का, असं वाटत राहिलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारचा प्रयोग होता. मध्यंतरात फोन वाजला. आईला आमच्या मध्यंतराची वेळ पाठ आहे.

"झालं," ती म्हणाली.

मागे वारा अजिबात ऐकू येत नव्हता. आंटी तिच्याबरोबर होत्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी दोन काठ्या आडव्या धरून एकटीनेच कमान केली होती आणि आईला वाकून जावं लागलं होतं. सांगताना आई हसत होती. मी गुडघा कसा आहे ते विचारलं. ती म्हणाली, "गुडघ्याचं उतरताना बघू. तू चहा प्यायलीस का?"

फोन ठेवला तेव्हा मेकअप रूममध्ये सगळे होते. मी तिथे स्वतःहून कधी काही सांगत नाही. त्या दिवशी मोठ्याने सांगितलं, माझ्या आईचे सगळे डोंगर आत्ता पुरे झाले. बहुतेकांना अर्थ कळला नाही, त्यांनी गोड अभिनंदन केलं. नाटकात माझ्या वडिलांचं काम करणारे नट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसचे आहेत. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"सगळे?"

"सगळे."

त्यांचे स्वतःचे अजून निम्मे राहिलेत आणि दोन्ही गुडघे गेलेत, असं ते म्हणाले. मग शेवटचा कुठला ठेवला होता, चढ कुठून घेतला, खिंडीत पाणी होतं का, असं सगळं विचारत राहिले. मी सांगत राहिले. दुसऱ्या अंकाची सूचना झाली तरी आम्ही विंगेत उभे राहून हळू आवाजात त्याच डोंगराबद्दल बोलत होतो.