नाथामास्तर पाण्यात उतरतात

इस्लामपूरच्या पुढे, कृष्णेच्या काठावरच्या त्या गावात आज तिशी-पस्तिशीचा जो कोणी पोहतो, तो नाथाजींमुळे पोहतो. थोरल्या विहिरीच्या काठावर नाथाजी उभे, हातात दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला पाठीवर तेलाचा रिकामा कॅन बांधलेलं पोर, आणि शिवारभर ऐकू जाणारा हुकूम, "दम कोंड, हात मार." ही शाळा उन्हाळ्यात भरायची. एरवी नाथाजी उपसा योजनेवर पाटकरी, म्हणजे कोणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं ते ठरवणारा माणूस. अशा माणसाला गावात आमदारापेक्षा जरा जास्त मान असतो, कारण तो भेटतो. शिकवण्याची पद्धत त्यांनी विहिरीतल्या बेडकांकडे बघून बसवली होती. बेडकांनी त्यावर कधी हक्क सांगितला नाही.

या शाळेची एक गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, अंबूबाईंना ठाऊक होती. नाथाजींना पोहता येत नव्हतं.

यात फसवण्याचा हेतू मुळीच नव्हता. फार वर्षांपूर्वी भावकीतलं एक पोर गटांगळ्या खात होतं, त्याला नाथाजींनी दोरी टाकून ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी चार आया आपापली पोरं घेऊन दारात हजर. तुम्हाला पोहता येतं का, असं कोणी विचारलंच नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची गावाकडे चाल नाही. पुढे एखादा म्हणालाच, "मास्तर, तुमी बी या की आत," तर नाथाजी म्हणायचे, "आन दोरी तुझा आजा धरंल व्हय रं?"

यंदा जुन्या पोरांनी ठरवलं की मास्तर आणि काकूंना अंदमान दाखवायचं. पुढाकार मतीनचा, ज्याचं इस्लामपुरात फरशीचं दुकान आहे, आणि साताऱ्यात शाळेवर असलेल्या पल्लवीचा. मतीन तिकिटं काढूनच घरी आला आणि त्यानं मोबाईल पुढे धरला. "मास्तर, ह्यो बघा समुद्र. तळ दिसतोय पार. पाठीवर टाकी बांधून खाली न्हेत्यात."

निळ्या पाण्यात पोवळ्यांचे डोंगर होते आणि त्यांतून पिवळ्या पट्ट्यांचे मासे लग्नाच्या वऱ्हाडासारखे चालले होते. नाथाजींनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. पाणी त्यांनी जन्मभर वरून पाहिलं होतं. आतून ते असं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मतीन गेल्यावर अंबूबाई म्हणाल्या, "आवं, सांगून टाका. तिथं काठ न्हाई, दोरी न्हाई."

"आता सांगू? गाव तोंडात शेण घालंल."

"मग जाऊ नगा."

"जायचं तर लय हाय गं."

अंबूबाईंनी बॅग भरायला घेतली.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं ते स्वराज द्वीपाला पोचले. तिथे पाहुण्याला कोरडं राहू देत नाहीत. कयाक चालवायची वेळ आली तेव्हा नाथाजींचा गुडघा धरला. तोंडावर काचेचा चष्मा लावून पाण्यावर पालथं तरंगायची वेळ आली, तेव्हा त्यांचं नुकतंच जेवण झालं होतं. काचेच्या तळाच्या होडीला मात्र ते हो म्हणाले, कारण तिच्यात बसायचंच होतं. तिथेच घात झाला. काचेखालून एक हिरवा-जांभळा, चोचीसारख्या तोंडाचा मासा आला, त्यानं नाथाजींकडे नीट बघितलं आणि तो खडकामागे गेला. खडकामागे काय आहे ते काचेतून दिसेना. होडी वळली तरी नाथाजी गुडघ्यांवर ओणवे. दुखरा गुडघा अजिबात तक्रार करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी टाकी बांधून खाली जायचं होतं. शिकवणारी बाई तिथलीच, हिंदी बोलणारी. तिचा पहिला नियम असा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, नळीतून सावकाश घेत-सोडत राहायचं. मतीन आणि पल्लवीनं माना डोलावल्या, कमरेइतक्या पाण्यात जाऊन बुडी घेतली आणि बालपणीचं शिक्षण जागं झालं. दोघांनी गच्च दम कोंडला आणि सपासप हात मारले. पुन्हा पुन्हा दोघंही बुचासारखी वर. शेवटी बाई वैतागली. "किसने सिखाया आपको साँस रोकना?"

दोघांनी अभिमानानं किनाऱ्याकडे बोट दाखवलं.

नाथाजी घोटाभर पाण्यात उभे होते. बाईनं त्यांच्याकडे वळून विचारलं, "अंकल, आपको तैरना आता है?"

"इनको क्या पूछते?" मतीन हसला. "ये हमारे मास्तर हैं."

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारलं होतं. सबबींपैकी कानदुखी अजून शिल्लक होती, ती सांगून टाकता आली असती. पण मग खडकामागचं कायमचं राहून गेलं असतं.

"नहीं आता," नाथाजी म्हणाले.

"चेष्टा करतायत," मतीन म्हणाला.

"चेष्टा न्हाई रं. मला पवायला येत न्हाई. कवाच आलं न्हाई."

पल्लवीनं काकूंकडे बघितलं. काकू लांबवर एका नारळाच्या झाडाकडे बघत होत्या. मतीनला सगळा हिशेब लागायला जरा वेळ लागला. "आन मी बुडालो असतो तर?"

"बुडाला न्हाईस की."

"पर बुडालो असतो तर, मास्तर?"

"वडला असता. दोरी कशाला हुती?"

मतीन यावर चिडायच्या बेतात होता, तेवढ्यात बाई म्हणाली की पोहता न येणारे बरे, ते उगाच हात मारत नाहीत. आणि ती मास्तरांना घेऊन गेलीसुद्धा.

नाथाजींना पाण्यात दम कोंडायची सवय नव्हती, त्यामुळे ते घरी घेतात तसा श्वास घेत राहिले. खाली, आणखी खाली, आणि एकदम सगळं उघडलंच. पोवळी अशी फुललेली की कोण झाड आणि कोण जनावर ते कळेना, बोटाएवढ्या निळ्या माशांचा थवा सरळ अंगावर आला आणि दोन्ही बाजूंनी निघून गेला, वरून ऊन गाळून आल्यासारखं पडत होतं, आणि खडकामागे, खडकामागे आणखी खडक होते आणि त्या प्रत्येकात कोणी ना कोणी राहत होतं. हर्षानं नाथाजींनी अंगठा उंचावला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असतो, हे ते विसरले होते. बाईनं त्यांना वर आणलं.

"वर कशाला आणलं?" नाथाजी मराठीतच तिच्यावर तापले. "चल खाली. चल, चल."

ते बाहेर आले तेव्हा काठावर मतीन तोंड फुगवून उभा होता. त्यानं मास्तरांच्या पाठीवरची टाकी उतरवून घेतली. मग म्हणाला, "कसं दिसतंय?"

"तू जा तर खरा. दम कोंडू नगंस. मी चुकीचं शिकवलंय असं समज आन श्वास घे."

मतीन गेला, मग पल्लवी गेली. संध्याकाळी जेवताना चौघंही एकदमच बोलत होते.

ही माणसं गावात पोचायच्या आधीच बातमी मोबाईलवर पोचली होती. उन्हाळा लागला, तसे नाथाजी थोरल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसले. यंदा कोणी येईल असं अंबूबाईंनाही वाटत नव्हतं. याच विहिरीत पोहायला शिकलेला लालासाहेब मोटारसायकल लावून आला, विहिरीत डोकावला, मग नाथाजींकडे बघून म्हणाला, "तुमाला पवायला येत न्हाई म्हणं."

"न्हाई येत."

"बरं," लालासाहेब म्हणाला. "पोराला सकाळी धाडू का दुपारचं?"