अकरा इंच वाकडं अंगण

माझी बायको मानसोपचाराची संशोधक आणि मी जमिनी मोजणारा. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "'दुरून डोंगर साजरे' म्हणजे काय?" मी म्हणालो, "किती दुरून, त्यावर आहे." तिने पर्समधून वही काढून काहीतरी लिहिलं. लग्न केलं, पण काय लिहिलं ते अजून सांगितलेलं नाही.

तिचा सगळा जन्म स्किझोफ्रेनियात गेला. या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, विचारांचा गुंता होतो, आणि कधीकधी बोलण्याचा नुसता वरवरचा अर्थ हाती उरतो. हे शेवटचं मोजायला तिने दहा म्हणींची परीक्षा बनवली. सातांचा अर्थ बरोबर सांगितला की रुग्ण इस्पितळातून घरी जायला मोकळा. हा नियम समितीचा, पण तो सुचला हिच्यामुळे. घरीसुद्धा मी "पालथ्या घड्यावर पाणी" म्हणालो, की ही पेन उघडून विचारायची, "म्हणजे नेमकं काय?" तीस वर्षं मी म्हणी गिळल्या. आता ती निवृत्त झाल्यावर कसर भरून काढतोय.

तिचा सगळ्यात जुना रुग्ण शिंपी होता. आला तेव्हा शिलाई मशीन त्याला शिव्या द्यायचं. हिने औषधं बदलत, डोस कमी-जास्त करत दोन वर्षांत मशीनचं तोंड बंद केलं. पुढे तो वॉर्डातल्या चादरींना टिपा घालायचा, डॉक्टरांचे ढगळ कोट उसवून नीट बसवून द्यायचा. पण परीक्षेत दरवर्षी सहाच. तीन म्हणी त्याने कधी ऐकलेल्याच नव्हत्या; सातव्या गुणाची गाडी अडायची एकाच म्हणीपाशी.

"'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे?"

"म्हणजे आपलं अंगण, बाई. वाकडंच आहे ते."

शून्य.

"काका, 'स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलणं' एवढं म्हणा आणि सुटा की," असं नर्सने त्याला शंभरदा पढवलं. तो म्हणायचा, "नसलेलं ऐकत होतो म्हणून इथे आणलंत. आता असलेलं दिसत नाही म्हणू?"

या शून्यावर बायकोचं नाव झालं. 'आवाज थांबले तरी अर्थ परतत नाही' हा तिचा निबंध, आणि त्यातलं मुख्य उदाहरण शिंपी. परिषदांमध्ये तिला 'अंगणवाल्या बाई' म्हणत. बाई रोज दोनदा त्याच अंगणातून जायच्या. मान खाली, डोळे फाइलीत.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात शिंप्याची बारावी परीक्षा आली. बाराव्यांदा नापास झालेल्याची फाइल कायमची बंद होत असे, म्हणजे तो जन्मभर आतच. त्याची थोरली बहीण दरवर्षी त्या दिवशी भावाचे कपडे भरायला रिकामी पिशवी घेऊन यायची आणि रिकामीच घेऊन परतायची. यंदा काठी टेकत आली. शिंप्याला सहा गुण पडले.

मी बायकोची खोकी न्यायला आलो होतो. वर समिती सह्या करत होती, मी अंगणात उभा होतो. शिंपी जवळ आला.

"साहेब, तुम्ही मोजणीवाले ना? एकदा फीत लावून बघा."

मला हसू आलं, पण हात शिवशिवले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरक्या रेषा मोजल्या; सरळ अंगणात त्या सारख्या भरतात. शिंप्याइतकी ताठ फीत माझ्या एकाही मदतनिसाने कधी धरली नव्हती. अकरा इंचांचा फरक. पुन्हा मोजलं. अकराच! शिवाय दारापासून नळापर्यंत उतार, तो वेगळा.

मी समितीच्या खोलीत जाऊन आकडे सांगितले. अध्यक्षांनी पुष्कळ विचार केला.

"ठीक आहे. अंगण सरळ करून घेऊ. मग पुन्हा परीक्षा."

"कधीपर्यंत?" समितीत बसलेल्या बायकोने विचारलं.

"बांधकामाचं काम आहे, बाई. तीनेक वर्षं धरा."

बायको उठली. खाली आली, फीत स्वतः धरली, दोनदा मोजलं. मग शिंप्याच्या बहिणीच्या पिशवीकडे बघत राहिली. वर जाऊन तिने शिंप्याच्या गुणतक्त्यातली बारा शून्यं खोडली, प्रत्येकाच्या जागी एक लिहिला, आणि खाली 'माझ्या निबंधाचा निष्कर्ष चुकीचा आहे' असं लिहून सही ठोकली.

"बाई, अहो, आयुष्यभराचं काम तुमचं!" अध्यक्ष ओरडले.

"नाचता मला येत नव्हतं," ती म्हणाली. "अंगण मात्र वाकडंच होतं."

"म्हणजे नेमकं काय?" अध्यक्षांनी सवयीने पेन उघडलं.

मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. रडूही येत होतं. मी उगाच फीत गुंडाळत बसलो.

तासाभरात पिशवी भरली. फाटकापाशी बहीण म्हणाली, "अरे, सुटलास ना? आता नाच तरी!"

शिंपी पिशवी खाली ठेवून अंगणाच्या मधोमध गेला आणि नाचला. फारच वाईट नाचला. हात एकीकडे, पाय भलतीकडे. नर्सने तोंडावर हात धरला तरी तिला हसू आवरेना.

बायकोने तिच्याकडे डोळे वटारले.

"अंगण वाकडं आहे," बायको म्हणाली.